रात्रीचं शहर, आठ फ्रेममध्ये: पहिला जोड-पॅनोरमा काढताना

नदीच्या अलीकडे उभं राहून पलीकडचं दिवे लागलेलं शहर बघताना डोळ्यांना जे दिसतं ते एका फोटोत मावत नाही. वाइड लेन्स लावली तर मावतं खरं, पण इमारती काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या होतात, वर नुसतं काळं आकाश आणि खाली नुसतं काळं पाणी उरतं. त्यापेक्षा जरा लांबची लेन्स घ्यायची, शहर तुकड्यातुकड्यांत टिपायचं आणि घरी येऊन ते तुकडे संगणकावर एकमेकांना जोडायचे. यालाच स्टिच केलेला पॅनोरमा म्हणतात.

जोडायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि चोख करतं. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, की आपण फटाफट फोटो काढावेत, पुढचं सॉफ्टवेअर बघून घेईल. माझे पहिले तीन-चार पॅनोरमा याच समजुतीपायी वाया गेले. एकात तर आकाशाला उभे पट्टे पडले होते: एक निळा, शेजारचा जांभळट, त्याच्या शेजारचा पुन्हा निळा. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ऑटोवर राहिला होता आणि फोटो जेपीईजीत काढले होते, एवढंच कारण. ते पट्टे पुसण्यात दोन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी सगळं डिलीट केलं. तेव्हापासून एक नियम पाळतो: पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एकच गोष्ट बदलायची, ती म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड. बाकी सगळं जागच्या जागी खिळवून ठेवायचं. पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं या खिळवण्याबद्दलच आहे.

जागा दिवसा बघून ठेवा

अंधारात जागा शोधत फिरू नका. आदल्या दिवशी उजेडात जाऊन या. समोर पाणी असेल तर फार बरं: मध्ये काही आड येत नाही आणि दिव्यांचं प्रतिबिंब फुकटात मिळतं. ही युक्ती जुनीच आहे. १८४८ साली चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर या दोघांनी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराचा किनारा ओहायो नदीच्या पलीकडून, आठ डॅगेरोटाइप पाट्यांवर (फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या धातूच्या पाट्यांवर) टिपला होता. पाट्या एकीशेजारी एक मांडल्या की अख्खा किनारा डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांना सॉफ्टवेअर नव्हतं, तरी पाट्यांचा मेळ बसला, कारण कॅमेरा त्यांनी शिस्तीत फिरवला होता.

जागेवर तीन गोष्टी बघा. पहिली, पायाखालची जमीन. लाकडी धक्का, पादचारी पूल, गच्चीवरचा पत्रा या जागा दिसायला छान, पण शेजारून कुणी चालत गेलं तरी थरथरतात, आणि आठ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये (शटर उघडं असतं तेवढ्या वेळात) ती थरथर फोटोत उतरते. दगडी किंवा काँक्रीटचा काठ कधीही चांगला. दुसरी, जवळच्या वस्तू. कठडा, दिव्याचा खांब, झाडाची फांदी यांतलं काही चौकटीत येतंय का ते बघा. का, ते पुढे येईल. तिसरी, अंतर आणि उंची. एक किलोमीटरवरची २०० मीटर उंच इमारत क्षितिजापासून साधारण ११ अंश वर जाते. एवढा एक आकडा मनात ठेवला तरी लेन्स ठरवायला सोपं जातं.

ट्रायपॉड लावायला परवानगी लागते का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. ऐन वेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात निळं आकाश निघून जातं.

सामान

मॅन्युअल मोड असलेला कोणताही कॅमेरा चालेल. लेन्स फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी घ्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी. सुरुवातीला याहून वाइड जाऊ नका. भक्कम ट्रायपॉड हवा. हलका प्रवासी ट्रायपॉड असेल तर मधली दांडी वर काढू नका आणि खाली बॅग टांगा, पण ती वाऱ्यावर झुलणार नाही इतपत जमिनीला टेकलेली असू द्या. शटरसाठी रिमोट असेल तर उत्तम, नाहीतर दोन सेकंदांचा टायमर आहेच. छोटी टॉर्च, जास्तीची बॅटरी आणि लेन्स पुसायचं कोरडं फडकं. हे फडकं विसरू नका. पाण्याकाठी अंधार पडता पडता काचेवर दव धरतं, ते स्क्रीनवर कळत नाही, आणि घरी आल्यावर पाचव्या फ्रेमपासून प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचं वलय दिसतं.

लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर रात्री काढून ठेवा. समोरचे तेज दिवे फिल्टरच्या सपाट काचेतून उलटे परावर्तित होऊन आकाशात हिरवट ठिपके उमटवतात, आणि दर फ्रेममध्ये ते वेगळ्या जागी पडतात.

फोनवर करायचं असेल तर फोनचा तयार पॅनोरमा मोड रात्री वापरू नका. फोन हातात फिरत असताना त्याला पुरेसा उजेड गोळा करायला वेळच मिळत नाही. फोन ट्रायपॉडवर लावा, प्रो मोडमध्ये सगळं ठरवून ठेवा आणि एकेक फ्रेम सुटी काढा. बाकीची रीत तीच.

वेळ: कातरवेळेची वीस मिनिटं

रात्रीचा म्हणून गाजणारा शहराचा फोटो बहुतेक वेळा रात्रीचा नसतोच. तो कातरवेळेचा असतो. सूर्य मावळून क्षितिजाखाली साधारण ४ ते ८ अंश गेलेला असतो, आकाश गडद निळं असतं आणि शहराचे दिवे लागलेले असतात. त्या वेळी आकाशाचा उजेड आणि खिडक्यांचा उजेड एकमेकांच्या तोडीस तोड असतात, म्हणून दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये येतात. पुढे आकाश काळं पडलं की इमारतींच्या कडा त्यात विरघळतात आणि नुसते दिवे उरतात. विषुववृत्ताच्या आसपास ही वेळ वीस मिनिटांत संपते, उत्तर-दक्षिणेकडे जावं तशी लांबत जाते.

पावसाच्या सरीनंतरची संध्याकाळ मिळाली तर सोडू नका. हवेतली धूळ बसलेली असते आणि दूरच्या खिडक्यासुद्धा कापून काढल्यासारख्या स्वच्छ दिसतात.

जागेवर मात्र सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा. ट्रायपॉड समतल करणं, फ्रेम मोजणं, फोकस लावणं ही सगळी कामं उजेडातच व्हायला हवीत.

कॅमेरा फिरायचा तो सरळ रेषेत

नवख्याची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेकांकडे बॉल हेड (ट्रायपॉडच्या वरचा, गोळ्यावर फिरणारा भाग) असतं. कॅमेरा गोल फिरवायची चकती त्यात गोळ्याच्या खाली, ट्रायपॉडला चिकटून असते. आता समजा, ट्रायपॉडचा एक पाय थोडा आखूड राहिलाय आणि बुड तिरकं आहे. तुम्ही गोळा ढिला करून कॅमेरा सरळ केलात, स्क्रीनवरची लेव्हल हिरवी झाली, तुम्ही खूश. मग चकती फिरवून दुसऱ्या टोकाला गेलात तर कॅमेरा पुन्हा तिरका! कारण कॅमेरा सरळ असला तरी तो ज्या अक्षावर फिरतोय तो अक्ष तिरका आहे. अशा फ्रेम जोडल्या की पॅनोरमा एका बाजूला चढत जातो, आणि तो सरळ करून कापायला गेलं की उंच इमारतीचा शेंडा किंवा खालचं प्रतिबिंब यांपैकी एकाचा बळी द्यावा लागतो.

म्हणून क्रम असा: आधी ट्रायपॉडचं बुड, मग कॅमेरा. बुडावर छोटी पाणसळ असते. तिचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत पायांची लांबी कमीजास्त करा. एका वेळी एकाच पायाला हात लावा. तिन्ही पाय एकदम ढिले केले तर खेळ संपतच नाही. बुड समतल झालं की गोळा ढिला करून कॅमेरा सरळ करा आणि गोळा घट्ट आवळा. आता फक्त चकती मोकळी ठेवून कॅमेरा डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत फिरवा आणि दोन्ही टोकांना व मध्ये कॅमेऱ्याची लेव्हल बघा. तिन्ही ठिकाणी सरळ असेल तरच पुढे जा. लेव्हलिंग बेस नावाची एक चकती मिळते, ती लावली तर हे काम अर्ध्या मिनिटात होतं. पण पहिल्या वेळी पायांनीच करा, म्हणजे नेमकं काय सरळ करतोय ते कळतं.

कॅमेरा वर किंवा खाली झुकवू नका. क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यावर राहू द्या, भले ते मांडणीच्या नियमात बसत नसलं तरी. वरचं आकाश किंवा खालचं पाणी नंतर कापता येतं. कॅमेरा वर झुकवला तर इमारती आतल्या बाजूला कलतात, आणि तेही प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या दिशेने.

आणि कॅमेरा उभा लावा. पॅनोरमा आडवा असतो म्हणून फ्रेमही आडव्या, हे वाटतं तितकं बरोबर नाही. उभ्या फ्रेममध्ये वर-खाली जागा मिळते, जोडताना वेड्यावाकड्या कडा कापल्या तरी उंची शिल्लक राहते. ५० मिमी लेन्सची उभी फ्रेम क्षितिजाच्या वर जवळजवळ २० अंश बघते, म्हणजे आपली ११ अंशांची इमारत सुखाने बसते. ८५ मिमी लावली तर वर १२ अंशच मिळतात: शेंडा बसेल, पण श्वास घ्यायला जागा नाही.

किती फ्रेम?

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सची उभी चौकट आडवी २७ अंश बघते. शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींवर निदान एक तृतीयांश तरी चढायला हव्यात, म्हणजे दर वेळी १८ अंश फिरवायचं. पण चकतीवरच्या खुणा बहुधा पाच-पाच अंशांच्या असतात, आणि टॉर्चच्या उजेडात १८ शोधत बसणं वेळखाऊ. सरळ १५ अंशांनी फिरवा. आठ फ्रेममध्ये २७ अधिक सात गुणिले १५, म्हणजे १३२ अंश होतात. शहर १२० अंशांत पसरलेलं असेल तर दोन्ही टोकांना सहा-सहा अंश कापायला शिल्लक.

चढ जास्त ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. सॉफ्टवेअर दोन फ्रेम जोडतं ते दोन्हींत दिसणाऱ्या सारख्या खुणा शोधून. रात्री काळ्या आकाशात आणि काळ्या पाण्यात खुणाच नसतात. ज्या काही असतात त्या मधल्या इमारतींच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यातला भरपूर भाग दोन्ही फ्रेममध्ये यायला हवा. दोन इमारतींच्या समूहांमध्ये अंधारी मोकळी जागा असेल, तर तिथे एक फ्रेम जास्तीची काढा.

कॅमेरा खिळवणे

आता उरलेलं सगळं खिळवायचं. मोड मॅन्युअल. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, आणि ऑटो आयएसओ बंद झालाय याची मेन्यूत जाऊन खात्री करा. काही कॅमेऱ्यांत मॅन्युअल मोडमध्येही तो चोरपावलांनी चालू राहतो. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ/८. लेन्स तिथे कडेपर्यंत धारदार असते आणि कोपरे काळवंडत नाहीत. दिव्यांना चांदणीसारखे किरण हवे असतील तर एफ/११ किंवा एफ/१३ पर्यंत जा. (किरणांची संख्या लेन्सच्या पात्यांवर ठरते: पाती सम असतील तर तितकेच, विषम असतील तर दुप्पट.) त्यापुढे ॲपर्चर बारीक केलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच थोडं मऊ होत जातं.

शटर सुरुवातीला आठ सेकंद. कातरवेळी आयएसओ १०० आणि एफ/८ ला साधारण ४ ते १५ सेकंदांच्या मध्ये कुठेतरी काटा स्थिरावतो. नेमकं किती, ते असं ठरवा: कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून सर्वांत उजळ भाग कोणता ते बघा, त्या भागाची एक फ्रेम काढा आणि हिस्टोग्राम बघा (फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख). उजवीकडची भिंत थोडी शिवली तर हरकत नाही. एखादी प्रचंड जाहिरातीची पाटी पांढरी जळणारच, तिला जळू द्या. तिच्यासाठी अख्खं शहर काळोखात ढकलू नका. पण इमारतींच्या खिडक्याच पांढऱ्याफटक पडत असतील तर वेळ कमी करा. मग तेच एक्स्पोजर सर्व फ्रेमना. अंधाऱ्या कोपऱ्याची फ्रेम काळी दिसली तरी तिच्यासाठी वेगळा आकडा लावायचा नाही.

फोटो रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये. व्हाइट बॅलन्स आकडा देऊन ठरवा, ३५०० किंवा ४००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप). शहरात नारिंगी सोडियम दिवे, पिवळसर आणि पांढरे एलईडी सगळं एकत्र असतं, त्यामुळे अचूक असा आकडा नाहीच. रॉ मध्ये तो नंतर बदलता येतो, पण आधीच एकसारखा असला की जागेवर फ्रेम तपासताना डोळा फसत नाही.

फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या थेट चित्रात. दूरच्या इमारतीची उजळ कड किंवा छपरावरचा लाल दिवा स्क्रीनवर मोठा करून बघा, ऑटोफोकसने पकडा किंवा हाताने लावा, आणि मग लेन्सचं बटण मॅन्युअलवर टाका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेपर्यंत रिंग फिरवून मोकळे होऊ नका. बऱ्याच लेन्सची रिंग अनंताच्याही पुढे जाते. लावून झालं की रिंगवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा. मी चिकटपट्टी टाळायचो, एकदा दव पुसताना रिंग केसभर सरकली आणि उरलेल्या पाच फ्रेम मऊ आल्या. आता पट्टी बॅगेतच असते.

आणखी दोन बटणं. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, हे जरा समजून घ्या: ते चालू असेल तर आठ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा काळा फोटो काढतो आणि त्यावरून डाग पुसतो. एकट्या फोटोला ठीक. पण आठ फ्रेमची फेरी, जी दोन मिनिटांच्या आत उरकते, ती तीन मिनिटांवर जाते, आणि कातरवेळी तेवढ्यात आकाश अंधारून जातं. पहिली आणि आठवी फ्रेम मग वेगवेगळ्या संध्याकाळच्या वाटतात.

अलीकडच्या कठड्याचं काय?

एक डोळा मिटा, हात लांब करून अंगठा समोर धरा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. अंगठा मागच्या भिंतीवरून सरकताना दिसेल. डोळा मानेच्या आसाच्या पुढे आहे, म्हणून मान वळली की डोळ्याची जागाही बदलते. कॅमेऱ्याचंही तसंच. तो फिरतो ट्रायपॉडच्या स्क्रूवर, पण बघतो लेन्समधल्या एका बिंदूतून, आणि हा बिंदू स्क्रूच्या काही सेंटिमीटर पुढे असतो.

याची भीती किती बाळगायची? हिशेब करून बघू. अंतर १० सेंटिमीटर धरा आणि फिरणं १५ अंश: बिंदू सुमारे अडीच सेंटिमीटर बाजूला सरकतो. ५० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर असेल तर एक किलोमीटरवरच्या इमारतीसाठी हा फरक एका पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्याएवढा. म्हणजे शून्यच. पण दीड मीटरवरच्या कठड्यासाठी तोच फरक सुमारे १४० पिक्सेल! शहर जुळलं की कठडा तुटतो, कठडा जुळवला की शहर दुभंगतं.

त्यामुळे पहिल्या पॅनोरमासाठी माझा सल्ला साधा आहे: जवळची वस्तू चौकटीतच येऊ देऊ नका. कठड्याला ट्रायपॉड अगदी भिडवा किंवा दोन पावलं वर चढा. लोक हजारो रुपयांचं पॅनोरमा हेड (कॅमेरा मागे-पुढे सरकवता येणारं) आधी विकत घेतात आणि मग नुसतं क्षितिज टिपतात, त्याला काही अर्थ नाही. पुढे कधी कठडा मुद्दाम घ्यायचा झाला तर कॅमेरा सरकपट्टीवर मागे ओढायचा: एक जवळचा आणि एक दूरचा खांब एका रेषेत धरून कॅमेरा फिरवायचा, आणि दोन्ही खांब चौकटीच्या डाव्या कडेला असोत की उजव्या, एकमेकांवरून सरकेनासे होईपर्यंत पट्टी मागे-पुढे करायची. या बिंदूला बरेच जण नोडल पॉइंट म्हणतात. खरं तर तो एंट्रन्स प्युपिल असतो. लेन्समध्ये समोरून डोकावलं की ॲपर्चरचं भोक जिथे असल्यासारखं वाटतं, ती जागा.

प्रत्यक्ष फेरी

१. उजेड असतानाच एक रंगीत तालीम करा. आठही थांबे फिरून बघा, डावीकडच्या पहिल्या थांब्यावर चकतीचा आकडा किती ते लक्षात ठेवा.

२. दिवे लागले, आकाश निळं झालं की चाचणीची एक फ्रेम काढा, मोठी करून फोकस बघा, हिस्टोग्राम बघा.

३. लेन्ससमोर स्वतःचा हात धरून एक फोटो काढा. घरी दोनशे सारख्याच काळ्या-निळ्या फ्रेममधून कुठली फेरी कुठे सुरू झाली ते या हातामुळे कळतं.

४. डावीकडून सुरुवात. फ्रेम काढा, शटर मिटल्याचा आवाज येऊ द्या, १५ अंश फिरवा, चकती आवळा, दोन-तीन सेकंद थांबा, पुढची फ्रेम. घाई नको आणि रेंगाळणंही नको. फ्रेमच्या मध्ये स्क्रीनवर बघत बसू नका.

५. आठवी झाली की पुन्हा हाताचा फोटो.

६. परत पहिल्या थांब्यावर. एक्स्पोजर आता थोडं वाढवायचं असेल तर फेरी सुरू व्हायच्या आधी वाढवा, मध्ये नाही. आकाश काळं होईपर्यंत पाच-सहा फेऱ्या सहज होतात. कुठली सर्वांत छान आली ते जागेवर कधीच कळत नाही. माझ्या बाबतीत ती बहुधा तिसरी किंवा चौथी असते.

हलणाऱ्या गोष्टी

पाण्याच्या लाटा आठ सेकंदांत गुळगुळीत होऊन जातात, त्यामुळे दीर्घ एक्स्पोजर जोडायला उलट सोपं पडतं. त्रास देतात त्या बोटी. दोन फ्रेमच्या चढात बोट एकीत आहे, दुसरीत पुढे गेलीय, अशा वेळी जोडलेल्या फोटोत अर्धी बोट उरते. बोट दिसली की ती पार होईपर्यंत थांबा, किंवा ती गेल्यावर तीच फ्रेम पुन्हा काढा. रस्त्यावरच्या गाड्यांच्या प्रकाशरेषा जोडावर तुटतात, पण दुरून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

चंद्राची गोष्ट वेगळी. तो दर दोन मिनिटांनी स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. फेरी सलग असेल तर शेजारच्या दोन फ्रेममध्ये फरक किरकोळ पडतो. तुम्ही मध्येच थांबलात तर मात्र शहरावर दोन चंद्र उगवू शकतात. चंद्र एखाद्या फ्रेमच्या मध्यावर येईल असा पहिला थांबा निवडा आणि जोडताना त्याच फ्रेममधला चंद्र ठेवा.

घरी आल्यावर: टाके घालणे

सर्वांत आधी आठही रॉ फाइल एकत्र निवडून त्यांना तेच बदल द्या: तोच व्हाइट बॅलन्स, तेच एक्स्पोजर, लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचे दोष सुधारणारी सोय) चालू. प्रोफाइलमुळे कोपऱ्यांचा काळेपणा जातो. तो राहिला तर जोडलेल्या आकाशात झालरीसारखे काळे डोंगर दिसतात. रंगांची कलाकुसर आत्ता करू नका.

जोडण्यासाठी लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमधला फोटो मर्ज पहिल्या दिवसासाठी पुरेसा आहे आणि त्यातून पुन्हा रॉसारखीच लवचीक डीएनजी फाइल मिळते. फुकट हवं असेल तर हगिन. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, थोडं किचकट, पण जोडाच्या खुणा स्वतः बघता आणि बदलता येतात. पीटीगुई विकत घ्यावं लागतं. वरचेवर पॅनोरमा करणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

प्रोजेक्शन (गोल फिरून टिपलेलं दृश्य सपाट चित्रावर उलगडायची पद्धत) निवडायला सांगितलं जाईल. १२० अंशांच्या शहरासाठी सिलिंड्रिकल घ्या. उभ्या रेषा उभ्याच राहतात आणि मधलं क्षितिज सरळ. पर्स्पेक्टिव्ह किंवा रेक्टिलिनिअरमध्ये सगळ्याच सरळ रेषा सरळ राहतात, पण ९०-१०० अंशांच्या पुढे कडेच्या इमारती ओढून ताणल्यासारख्या लठ्ठ होतात. लाइटरूममध्ये बाउंड्री वॉर्प नावाची पट्टी आहे, ती रिकाम्या कडा भरायला चित्र ताणते. शहराच्या बाबतीत ती शून्यावर ठेवा आणि कडा कापून टाका.

सॉफ्टवेअरची एक गंमत रात्रीच दिसते. एका उंच मनोऱ्याच्या सगळ्या खिडक्या हुबेहूब सारख्या, सारख्या अंतरावर. सॉफ्टवेअर एका फ्रेममधल्या विसाव्या मजल्याची खिडकी दुसऱ्या फ्रेममधल्या एकविसाव्या मजल्याच्या खिडकीशी जुळवतं आणि खुशाल पुढे जातं. मग मनोरा मध्येच मजलाभर खचलेला दिसतो. हगिन किंवा पीटीगुईत अशा चुकीच्या खुणा पुसून त्या जागी छपराचं टोक, अँटेना, क्रेनचा दिवा अशा एकमेवाद्वितीय वस्तूंवर स्वतः खुणा लावा. दोन फ्रेममध्ये सात-आठ पुरतात.

जोडून झालं की क्षितिज तपासा. पलीकडच्या काठाची रेषा धरून सरळ करायला जाल तर फसाल, कारण काठ वळलेला असू शकतो. एखादा दिवा आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब बघा. दोघं एकाखाली एक, बरोबर उभ्या रेषेत असतील तर क्षितिज सरळ. हे टोकाच्या इमारतींवर आणि मध्यावर, तिन्ही ठिकाणी करून बघा.

मगच रंग, काँट्रास्ट, नॉइज. आकाशाची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ असेल तर ती तशीच राहू द्या. सूर्य त्या बाजूला मावळलाय, १२० अंशांत तेवढा फरक असणारच. सपाट करायला गेलात की आकाश रंगवलेल्या पडद्यासारखं दिसतं.

या आठ फ्रेममधून कापून सुमारे १७,५०० पिक्सेल रुंद चित्र हाती येतं. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर जवळजवळ दीड मीटर लांब. जेपीईजीची मर्यादा ६५,५३५ पिक्सेलची आहे, तिथपर्यंत तुम्ही पोहोचत नाही. पण मूळ फाइल टिफमध्ये (दर्जा न गमावणाऱ्या प्रकारात) ठेवा, आणि आठ सुट्या रॉ फाइल त्याच फोल्डरमध्ये.

छापायला देण्यापूर्वी चित्र शंभर टक्के मोठं करून डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत जा, प्रत्येक जोडापाशी थांबा. अर्धी बोट, दुपदरी अँटेना, मध्येच तुटलेली पुलाची तार, असं काहीतरी एखाद्या ठिकाणी सापडेलच. जिच्यात ते धड आलंय ती फ्रेम वरच्या थरावर आणा, मास्कने (थराचा हवा तेवढाच भाग दाखवून) दुसरीतला भाग झाका आणि पुढच्या जोडाकडे जा.